अकरा वाजताची पेज: मागचा सगळा इतिहास

सध्या गट हेल्थ (आतड्याचं आरोग्य), प्रोबायोटिक वगैरे नावाखाली पेजेचं भलतंच कौतुक चाललंय, आणि ते ऐकून मला मनापासून बरं वाटतं, पण पेज गोव्यात कशी टिकली हे कोणी सांगत नाही म्हणून हे लिहितोय.

आधी शेत. मांडवी-जुवारी नद्यांच्या काठच्या खाजन जमिनीत खारं पाणी आत येतं, ते अडवायला बांध घातलेले आणि पाणी आत-बाहेर सोडायला मानशी, म्हणजे बांधातली दारं. तिथे पिकायचा तो कोरगूट भात, जो मीठ सहन करतो. हे बांध सांभाळायची जबाबदारी गावकरीची, म्हणजे गावच्या सामायिक संस्थेची, आणि ही व्यवस्था पोर्तुगीज यायच्या आधीची आहे. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कने तिसवाडी (गोव्याचं मुख्य बेट) घेतली आणि १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, पोर्तुगीजांनी गावकरीच्या चालीरीती नुसत्या लिहून काढल्या, कारण सारा हवा तर भात पिकायला पाहिजे आणि भात पिकायला बांध टिकायला पाहिजेत.

मग तो भात उकडायचा. मोठ्या तांब्याच्या भाणात भिजवून उकडायचा, अंगणात वाळवायचा आणि मग कांडायचा. आपल्या बायकांनी शेकडो वर्षं हेच केलं आणि ह्याच्यात खरोखर शहाणपण आहे, कारण उकडताना कोंड्यातलं बी-वन जीवनसत्त्व दाण्यात उतरतं आणि कांडल्यावरही बरंचसं शिल्लक राहतं. १८९० च्या दशकात जावामध्ये आयकमन नावाच्या डच डॉक्टरला पॉलिश केलेला पांढरा भात खाणाऱ्या कोंबड्यांत बेरीबेरीसारखा (बी-वन कमी पडून होणारा) आजार दिसला आणि पुढे १९२९ मध्ये त्याला नोबेल मिळालं, तोपर्यंत आमच्या आज्या-पणज्या पिढ्यानपिढ्या उकडेच तांदूळ शिजवत आल्या होत्या.

आता पेज. पहाटे शेतात गेलेला माणूस अकराच्या सुमारास मेरेवर (बांधावर) बसून पेज प्यायचा, सोबत खारवलेली तोरां (कोवळ्या कैऱ्या), नाहीतर भाजलेलं सुकं नुस्तं (मासळी), नाहीतर कालची कडी, म्हणजे माशाचं कालवण, आटवून. उन्हात घाम गाळणाऱ्याला पाणी, मीठ आणि पोटाला आधार एकाच वाटीत. आजाऱ्याला पण तीच. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला, त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं, त्यात कॉलऱ्याचं वर्णन आहे, ज्याला इथले लोक मोर्शी म्हणायचे (आपली मोडशी तीच), आणि इथले वैद्य रोग्याला मिरी-जिरं घातलेलं भाताचं पाणी देतात असंही त्याने लिहिलंय. कॉलऱ्यात भाताच्या पिठाचं ओआरएस (जलसंजीवनी) चालतं हे बांगलादेशातल्या संशोधकांनी दाखवलं ते चारशे वर्षांनी. ओर्ता जन्माने ज्यू कुटुंबातला, म्हणून मेल्यानंतर १५८० मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. आपल्या वैद्यांचं म्हणणं आदराने ऐकून घेणारा माणूस होता तो, हे वाचताना आजही जीव तुटतो.

इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झालं आणि ते स्वयंपाकघरातसुद्धा शिरलं. १७३६ च्या फर्मानात बाटलेल्या ख्रिश्चनांना तुळस लावायला, लग्नात हळद लावायला बंदी आहेच, आणि हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवायलाही बंदी आहे! भातात मीठ घातलं की नाही ह्यावरून माणसाचा धर्म तपासायचे. आमच्याकडे आजही भात बिनमिठाचाच शिजतो, मीठ नंतर ताटात, आणि ज्यांना धर्म सोडायचा नव्हता ते देव घेऊन नदीपलीकडे अंत्रुजात (आजचं फोंडा) गेले, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला. बरेच सारस्वत आणखी खाली कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत गेले.

पण एक गंमतीची आणि खरी गोष्ट, ज्या पेजेच्या सोबत आपण मिरची खातो ती मिरची पोर्तुगीजांच्याच जहाजातून अमेरिकेहून आली, काजू आणि पपईसुद्धा तसेच. त्याच्याआधी तिखट म्हणजे मिरी, आलं आणि तिरफळ. आज खोला गावची मिरची म्हणजे आपली ओळख, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली, आणि त्यात काहीच चूक नाही, आलेलं आपलंसं करून घेतलं आपण.

पेज मागे पडली ती पोर्तुगीजांपासून गोव्याच्या मुक्तीनंतरच्या काळात. रेशनचा पांढरा तांदूळ आला, १९६४ चा कुळ कायदा आला, कुळांना न्याय मिळाला ते चांगलंच झालं, पण गावकरी दुबळी पडली आणि बांध राखायचे कोणी हे पुष्कळ ठिकाणी नीट ठरलंच नाही, फुटलेल्या बांधांतून खारं पाणी शिरलं, शेतं पडीक राहिली. नोकरीचा माणूस अकरा वाजता ऑफिसात चहा-बिस्किट खातो. पेज म्हणजे औषध नव्हे, डायबेटिस असेल तर भात मोजूनच खा, पण मैद्याच्या बिस्किटापेक्षा ती कितीतरी बरी असं माझं ठाम मत आहे.

गोव्याबाहेर गेलेल्यांचं वेगळंच. आधी तारवटी (जहाजावरचे नोकर) म्हणून ब्रिटिश जहाजांवर कुक आणि स्ट्युअर्ड, मुंबईत धोबीतलावला गावागावाचे कूड (एकत्र राहायच्या जागा), मग नैरोबी, कंपाला, १९७२ मध्ये युगांडातून इदी अमीनने हाकललं तेव्हा कंपालातूनही उठले, मग आखात, आणि ब्रेक्झिट होऊन मुक्त प्रवेश थांबेपर्यंत, म्हणजे २०२० पर्यंत, पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडातलं स्विंडन. तिथे थंडीतून शिफ्ट करून आलेल्या माणसाला शेवटी पेजच हवी असते. केरळचा मट्टा तांदूळ तिथल्या इंडियन दुकानात मिळतो, उकडाच असतो, त्याची पेज चांगली होते, फक्त शिजायला वेळ लागतो म्हणून रात्री भिजत घालायचा. खारवलेली तोरां आणि सोलां (आमसुलं) मात्र घरूनच न्यायची.