मूळव्याध सापडली म्हणजे कॅन्सर नाही, असं कुणी सांगितलं?

मूळव्याधीबद्दल नागपूरकराला काय शिकवायचं! कोंब, आग, कुंथणं, कोमट पाण्याचा टब, सगळं पाठ आहे. तिचा पुढे मोठ्या आतड्याचा कॅन्सर होत नाही. सावजी रश्शाने आग होते, कोंब तयार होत नाहीत. तर्रीवर खापर फोडणं आता पुरे.

खरा घोळ रक्ताच्या रंगाचा आहे. 'लाल रक्त म्हणजे मूळव्याध, काळं म्हणजे कॅन्सर' हे सूत्र पानठेल्यावर जसं ऐकू येतं, तसंच शिकल्यासवरल्या घरातही. ते चूक आहे. गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, गुदद्वाराला लागूनच असतो, त्यामुळे तिथल्या गाठीचं रक्तही लालभडकच येतं. उजव्या बाजूच्या आतड्यातली गाठ तर इतकं थोडं झिरपते की डोळ्यांना काही दिसत नाही, फक्त हिमोग्लोबिन उतरत जातं. मग कारण न शोधता लोहाच्या गोळ्या सुरू होतात, गोळ्यांनी शौच काळं होतं आणि रंगाचं सूत्र पुन्हा तोंडावर आपटतं.

रंग सोडा, सवय बघा. मूळव्याधीचं रक्त बहुधा शौचाच्या शेवटी थेंबथेंब पडतं किंवा मळाला वरून लागलेलं असतं. रक्त मळात मिसळलेलं, सोबत आव, जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्याची भावना, तीन-चार आठवडे बदललेली वेळ किंवा घट्टपणा, उतरतं वजन, यातलं काहीही असेल तर मलम बंद आणि डॉक्टर सुरू.

पण लक्षणं जुळवूनही भागत नाही, कारण एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. प्रॉक्टोस्कोपने, म्हणजे गुदद्वारातून घालायच्या छोट्या नळीने, शेवटचे जेमतेम ८-१० सेंटिमीटर दिसतात. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. 'दुर्बीण घातली, कोंबच निघाले' यावर फाइल मिटवू नका. वय चाळिशीपुढे असेल किंवा वरची लक्षणं असतील तर कोलोनोस्कोपीचं, म्हणजे अख्खं मोठं आतडं दुर्बिणीने बघण्याचं, स्पष्ट विचारा. आणि बोटाने तपासू द्या. लाजेपायी मिनिटभराची तपासणी टाळणारे नागपूरच्या मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत काही कमी नाहीत.

त्रास नसताना करायची तपासणी वेगळी. मळातलं लपलेलं रक्त शोधणारी फिट चाचणी दरवर्षी, किंवा कोलोनोस्कोपी दर १० वर्षांनी; अमेरिकेत २०२१ पासून ही सुरुवात ४५व्या वर्षी करायला सांगतात. आतड्यातल्या मांसांकुराचा (पॉलिपचा, मूळव्याधीच्या कोंबाचा नव्हे) कॅन्सर व्हायला बहुतेकदा १० वर्षांच्या आसपास लागतात, तो आधीच काढला की विषय संपतो. रक्त दिसतंच आहे तर मात्र नुसत्या फिटवर थांबू नका. आपल्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, आतडं नाही. बोलावणं येणार नाही.

ज्वारीची भाकरी, डाळी, भाज्या, आटोक्यातलं वजन, दारू-सिगारेट बंद: याने धोका कमी होतो, शून्य होत नाही.

घरात विचारा. 'बाबांना पोटाचं काहीतरी होतं' हे उत्तर चालणार नाही. आजाराचं नाव आणि निदानावेळचं वय हवं. आईवडील किंवा सख्ख्या भावंडाला मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर झाला असेल तर कोलोनोस्कोपी ४०व्या वर्षी, किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा. बाबांना ४४व्या वर्षी कळलं असेल, तर तुमची वेळ ३४व्या वर्षी.