लोहाधारित अतिसंवाहकांच्या मूळ संयुगांतील प्रावस्था संक्रमणे

लोह आणि आर्सेनिक (किंवा सेलेनियम, टेल्युरियम) यांचे थर असलेली काही संयुगे थंड करत नेली, की ठरावीक तापमानाला त्यांच्या स्फटिकाची ठेवण बदलते आणि त्याच सुमारास किंवा थोडे खाली त्यांत चुंबकीय मांडणी उभी राहते. या बदलांना प्रावस्था संक्रमणे म्हणतात. शुद्ध स्थितीत यांतली बहुतेक अतिसंवाहक (विद्युत् रोध पूर्ण नाहीसा झालेले) नसतात. परके अणू मिसळले किंवा दाब दिला, की ही संक्रमणे दबतात आणि अतिसंवाहकता प्रकटते. म्हणून ही ‘मूळ’ संयुगे. २००८ मध्ये जपानमधील हिदेओ होसोनो यांच्या गटाला फ्लोरीनयुक्त लँथॅनम-लोह-आर्सेनिक ऑक्साइडमध्ये २६ केल्विनला अतिसंवाहकता आढळली, आणि या संयुगांकडे जगाचे लक्ष गेले.

वरच्या तापमानाला लोहाचे अणू चौरस जाळीत बसलेले असतात. संक्रमणाखाली चौरसाची एक बाजू किंचित लांबते, दुसरी आखडते. चतुष्कोणीय स्फटिक समचतुर्भुजी (ऑर्थोऱ्हाँबिक, म्हणजे कोन काटकोनच पण तिन्ही बाजू वेगळ्या लांबीच्या) होतो. बाजूंतला फरक एका टक्क्याहूनही कमी असतो. लांब बाजूने शेजारच्या अणूंचे स्पिन (म्हणजे प्रत्येक अणूचे इवलेसे चुंबकत्व) एकमेकांच्या उलट, तर आखूड बाजूने एकाच दिशेला लागतात. या पट्ट्यांच्या, प्रतिलोहचुंबकीय मांडणीची गोळाबेरीज शून्य होते, त्यामुळे साधा लोहचुंबक जवळ नेऊन काही कळत नाही. न्यूट्रॉन विवर्तन, म्हणजे स्फटिकावर न्यूट्रॉन सोडून ते कोणत्या दिशांना विखुरतात ते पाहणे, लागते. (गडचिरोलीतल्या सुरजागडच्या डोंगरातले हेमॅटाइट हे लोहखनिजही मुळात प्रतिलोहचुंबकीयच आहे, फक्त त्याचे स्पिन जरासे कललेले असतात.)

लँथॅनम-लोह-आर्सेनिक ऑक्साइडमध्ये रचना सुमारे १५५ केल्विनला बदलते, चुंबकीय मांडणी १३७ केल्विनला येते. बेरियम-लोह-आर्सेनाइडमध्ये दोन्ही गोष्टी १३५ ते १४० केल्विनच्या दरम्यान जवळजवळ एकदमच घडतात. लोहाच्या जागी थोडे कोबाल्ट घातले की त्यांच्यात अंतर पडते. स्ट्रॉन्शियमच्या संयुगात हे तापमान सुमारे २००, कॅल्शियमच्यात १७० केल्विन. लोह-सेलेनाइडची रचना ९० केल्विनला बदलते, पण साध्या दाबाखाली चुंबकीय मांडणी येतच नाही. या संक्रमणांमागची मूळ प्रेरणा स्पिनची की इलेक्ट्रॉनांच्या कक्षकांची (अणूभोवती ते जिथे वावरतात त्या जागांची), हा वाद याच संयुगामुळे पेटता राहिला आहे. एवढे मात्र पक्के, की जाळीच्या ताणाने हे सगळे सुरू होत नाही. कारण स्फटिकाला एका दिशेने हलकेच दाबून त्यातले जुळे भाग (ज्यांच्या लांब बाजू एकमेकींना आडव्या असतात) एका रांगेत आणले, तर दोन बाजूंच्या विद्युत् रोधांत येणारा फरक जाळीतल्या फरकाच्या मानाने फार मोठा असतो.

बेरियमच्या संयुगाचे संक्रमण द्रवरूप नत्राच्या ७७ केल्विनच्या बरेच वर आहे. विदर्भातल्या तालुक्याच्या महाविद्यालयाला हे संक्रमण स्वतः मोजून पाहायला याचा थेट उपयोग आहे, कारण कृत्रिम रेतनाच्या गोठवलेल्या रेतमात्रांसाठी ढोरांच्या दवाखान्यात द्रवरूप नत्र येतच असते. त्याहून थंड अशा द्रवरूप हेलियमची गरज पडत नाही. मात्र रेतमात्रा ठेवलेल्या टाकीत नमुना कधीही उतरवू नये. नत्र वेगळ्या थर्मासमध्ये घ्यावे. पातळ स्फटिकपट्टीला चांदीच्या लेपाने चार तारा जोडतात, बाहेरच्या दोनमधून प्रवाह देतात, आतल्या दोनवर विद्युत् दाब (व्होल्टेज) मोजतात. १ मिलिअँपिअरला हा दाब काही दशक मायक्रोव्होल्टच भरतो, म्हणून प्रत्येक वाचनाला प्रवाह उलटवून सरासरी घ्यावी, नाहीतर सांध्यांतला उष्णताजन्य विद्युत् दाब मोजमापात मिसळतो. तापमानासाठी प्लॅटिनमचा १०० ओहमी रोधक स्फटिकाला खेटून बसवावा. ७७ केल्विनला तो सुमारे २० ओहम दाखवतो. नमुना थेट द्रवात बुडवला तर लेप तडकतो. द्रवाच्या वरच्या वाफेत इंचाइंचाने खाली न्यावा, मिनिटाला एखादा केल्विन या गतीने. थंड करतानाचे आणि गरम करतानाचे आलेख जुळले नाहीत तर आधी गती कमी करून पाहावे. भंडारा-गोंदियाच्या पावसाळी हवेत तारांवर दव धरते, तेव्हा नमुना कोरड्या बंद नळीत हवा. थर्मासचे तोंड मात्र कधीही घट्ट बंद करू नये, आणि खोलीची खिडकी उघडी असावी.

शुद्ध बेरियम संयुगाचा रोध संक्रमणाला एकदम उतरतो. हा बदल १४० ऐवजी ८५ केल्विनच्या आसपास दिसला आणि रोध खाली येण्याऐवजी वर गेला, तर स्फटिक वितळलेल्या कथिलात वाढवलेला असण्याची दाट शक्यता असते. थोडे कथिल जाळीत शिरते. लोह-आर्सेनाइडच्याच द्रवात वाढवलेले स्फटिक मागवावेत. ते स्वतः वाढवू नयेत. आर्सेनिक विषारी आहे, ६१५ अंश सेल्सिअसला त्याची थेट वाफ होते, आणि बंद क्वार्ट्‌झ नळी भट्टीत फुटली तर ती वाफ खोलीभर पसरते.