पार्श्वभूमी: केसाएवढ्या नळीतले रसायनशास्त्र

विद्युतभारित रेणूंना विजेच्या जोरावर पळवून एकमेकांपासून वेगळे करायचे, ही इलेक्ट्रोफोरेसिसची कल्पना जुनी आहे. स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनी 1937 मध्ये याच मार्गाने रक्तद्रवातली प्रथिने वेगळी करून दाखवली आणि 1948 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले. अडचण होती उष्णतेची. वीज गेली की द्रव तापतो, तापला की आतल्या आत घुसळतो, आणि वेगळे होत आलेले रेणूंचे पट्टे पुन्हा मिसळतात. म्हणून पुढे द्रव कागदात किंवा जेलमध्ये धरून ठेवावा लागला. विद्युतदाब फार वाढवता येत नसे, त्यामुळे काम संथ चाले.

उपाय नळी बारीक करण्यात होता. नळी जितकी अरुंद, तितका आतला द्रव थोडा आणि त्या मानाने भिंत जास्त. उष्णता चटकन बाहेर पडते. 1981 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात जेम्स जॉर्गेन्सन आणि क्रिन लुकाक्स यांनी सुमारे 75 मायक्रोमीटर पोकळीची काचेची नळी घेतली आणि 30 हजार व्होल्टपर्यंत दाब लावला. अशी मीटरभर नळी काठोकाठ भरली तरी तीत जेमतेम साडेचार मायक्रोलिटर द्रव मावतो. माझ्या मते केशनलिकांतल्या, म्हणजे अशा बारीक नळ्यांतल्या, इलेक्ट्रोफोरेसिसच्या शास्त्राचा खरा जन्म इथलाच.

नळीत आणखी एक बळ काम करत होते, तेही जुनेच. विजेमुळे पाणी मातीच्या थरातून ऋण टोकाकडे सरकते, हे मॉस्कोत शास्त्रज्ञ रॉयस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच पाहिले होते. काचेच्या भिंतीवर ऋण भार असतो. तिला बिलगलेले धन आयन ऋण टोकाकडे निघतात आणि सगळा द्रव सोबत ओढून नेतात. पंप लागतच नाही. पंपाने ढकललेला द्रव मध्यभागी वेगाने आणि कडेला हळू वाहतो, त्यात पट्टे ताणले जातात. हा प्रवाह मात्र नळीच्या रुंदीभर जवळपास सारख्या वेगाने जातो, म्हणून पट्टे रेखीव राहतात. तो इतका जोरकस असतो की उलट दिशेला ओढ असलेले ऋण रेणूसुद्धा सर्वांत शेवटी का होईना, त्याच टोकाला पोहोचतात. भार नसलेले रेणू एकगठ्ठा बाहेर पडत. 1984 मध्ये जपानच्या शिगेरू तेराबे यांनी द्रवात साबणासारखे पदार्थ मिसळून तेही वेगळे केले.

1990 मध्ये बाझेलच्या सिबा-गायगी कंपनीतल्या आंद्रेआस मान्झ आणि सहकाऱ्यांनी नमुना घेण्यापासून मोजणीपर्यंतचे सगळे विश्लेषण एका छोट्या रचनेत बसवण्याची कल्पना मांडली. त्यांचा भर नुसत्या लहान आकारावर नव्हता. विश्लेषण वेगवान आणि अधिक चांगले व्हावे, हा हेतू होता. लवकरच काचेच्या चकतीत कोरलेल्या वाहिन्यांमधून हे वेगळे करणे साधले. झडपा नाहीत, हलणारे भाग नाहीत. कोणत्या टोकाला किती व्होल्ट लावायचे यावर द्रवाची वाट ठरते.

मानवी जनुकसंचाच्या वाचनाचे श्रेय सांगताना संगणकांचा उल्लेख हमखास होतो, नळ्यांचा क्वचितच. पण डीएनएचे तुकडे वेगळे करणाऱ्या, 1990 च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या 96 केशनलिकांच्या यंत्रांनी जेलच्या पाट्या ओतण्याचे काम संपवले, आणि वाचनाचा वेग वाढला तो त्यामुळेही. आज न्यायवैद्यक डीएनए चाचणीत आणि सिकलसेल, थॅलेसेमियासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखताना हेच तंत्र वापरले जाते.