शस्त्रनियंत्रण आणि प्रसारबंदी: मोजणी दोन्हीकडे, पण कशाची?

अमेरिका-रशियातला ‘न्यू स्टार्ट’ आणि १९६८चा अण्वस्त्र प्रसारबंदी करार, म्हणजे एनपीटी, यांची नावं एका दमात घेतली जातात. प्रत्यक्षात दोन्हींचं काम वेगळं. न्यू स्टार्ट हे शस्त्रनियंत्रण: ज्यांच्याकडे बॉम्ब आहेत त्यांनी ते किती ठेवायचे, हे आपापसात ठरवायचं. प्रसारबंदीचा रोख इतरांवर: ज्यांच्याकडे बॉम्ब नाहीत, त्यांच्या हाती ते पडू नयेत.

तपासणी कशी होते ते पाहिलं की फरक लगेच कळतो. न्यू स्टार्टमध्ये तैनात अण्वस्त्रांची मर्यादा प्रत्येकी १,५५० होती. रशियाचे निरीक्षक अमेरिकेच्या तळांवर यायचे, अमेरिकेचे रशियात जायचे; वर्षाला प्रत्येकी १८ तपासण्यांची मुभा होती. क्षेपणास्त्राचा पुढचा भाग उघडला जायचा. आतली अण्वस्त्रं झाकलेलीच असत, म्हणजे रचना कळायची नाही, पण संख्या मोजता यायची. एखादी वस्तू अण्वस्त्र नाही असं यजमानाने सांगितलं, तर न्यूट्रॉन मोजणारं यंत्र लावून खात्री करता यायची. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेले दोन देश परस्परांना इतकं जवळ येऊ देत होते, हे मला आजही विलक्षण वाटतं.

एनपीटीत बॉम्ब मोजत नाहीत, अणुसामग्री मोजतात. बिगर-अण्वस्त्रधारी देशांच्या अणुभट्ट्यांत आणि समृद्धीकरण केंद्रांत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक सील तपासतात, कॅमेऱ्यांचं चित्रण पाहतात, युरेनियम-प्लुटोनियमचा साठा नोंदींशी ताडून बघतात. ८ किलो प्लुटोनियमचा हिशेब लागला नाही, तर एका बॉम्बाची शक्यता संस्था धरून चालते.

१ जानेवारी १९६७पूर्वी स्फोट केलेले पाचच देश हा करार अण्वस्त्रधारी मानतो. हा भेदभाव आहे म्हणून भारताने त्यावर सही केली नाही.

तरीही हे दोन धागे सुटे नाहीत. शस्त्रस्पर्धा थांबवण्यासाठी आणि निःशस्त्रीकरणासाठी प्रामाणिकपणे वाटाघाटी कराव्यात, असं एनपीटीचं सहावं कलम सांगतं. बाकीच्यांनी बॉम्बचा हक्क सोडला, त्या सौद्यातला हा महत्त्वाचा भाग. म्हणूनच न्यू स्टार्ट कोसळणं ही दोन देशांची खासगी बाब नाही, असं माझं ठाम मत आहे. २०२०मध्ये कोविडमुळे थांबलेल्या तपासण्या पुन्हा सुरूच झाल्या नाहीत, २०२३मध्ये रशियाने सहभाग स्थगित केला आणि ५ फेब्रुवारी २०२६ला कराराची मुदत संपली. त्याबरोबर १,५५०चं कायदेशीर बंधनही गेलं. सहाव्या कलमाचं बंधन मात्र दोघांवर अजून आहे.