मांजराची साखर: भीतीने चढलेली आणि स्टेरॉइडने चढवलेली

दवाखान्यात मांजराची साखर २८० निघाली की दोनच निकाल लागतात. एक, डायबेटिस. दुसरा, 'स्ट्रेस आहे, सोडून द्या.' त्यात स्ट्रेस म्हटलं की कॉर्टिसॉल हे हॉर्मोन, असं ठोकून देणारे भेटतातच.

मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीच्या गाभ्यातून ॲड्रिनलिन येतं, बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल. दोन्ही साखर वाढवतात, हे सगळ्यांना पाठ असतं. खरा फरक वेळेचा आहे. पिंजऱ्यातून ओढून टेबलावर दाबून धरलेल्या मांजराची साखर काही मिनिटांत उसळते, ती मुख्यतः ॲड्रिनलिनमुळे: यकृतातला ग्लायकोजेनचा साठा फुटतो आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटणं मंदावतं. आकडा ३०० च्या पुढेही जातो. मांजर निवलं की काही तासांत उतरतो. कॉर्टिसॉलचा कारभार सावकाश. ते यकृताला प्रथिनांपासून नवी साखर बनवायला लावतं, स्नायूंना आणि चरबीला इन्सुलिनला दाद देऊ देत नाही, आणि हे दिवसेंदिवस चालू राहतं. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही कॉर्टिसॉलसारखी स्टेरॉइड औषधंही हेच करतात. म्हणून स्टेरॉइडने बिघडलेली साखर मांजर घरी निवांत लोळत असतानाही चढलेलीच सापडते.

त्यामुळे एका आकड्यावर इन्सुलिन सुरू करणं मला अजिबात पटत नाही. फ्रुक्टोसामाइन, म्हणजे रक्तातली साखर चिकटलेली प्रथिनं, तपासा. त्यातून मागच्या एक-दोन आठवड्यांतली साखर कळते. टेबलावरच्या दहा मिनिटांच्या भीतीने ते हलत नाही. ते वाढलेलं असेल तर साखर खरंच बरेच दिवस चढलेली आहे, पण कशामुळे ते त्यातून कळत नाही. अंगाच्या खाजेवर लांब टिकणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन मध्ये कधी दिलं होतं का, हे विचारावंच लागतं, आणि नेमकं तेच विचारायचं राहून जातं.

कुत्र्यांत भीतीने साखर सहसा इतकी चढत नाही. गुंगीचं औषध झायलाझिनही साखर वाढवतं, स्वादुपिंडातलं इन्सुलिन रोखून. रक्त गुंगी देण्याआधी घ्या, विषय संपला.

साखर दिसली म्हणून स्टेरॉइड एका दिवसात तोडणारे मात्र जिवाशी खेळतात. बाहेरून आयतं मिळत असल्याने ग्रंथीने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी केलेलं असतं. बाहेरचं एकदम थांबलं तर जनावर कोसळू शकतं. डोस हळूहळूच उतरवायचा. आणि तो उतरत असताना इन्सुलिन तेवढंच टोचत राहिलं, तर साखर धोकादायक खाली जाते.