जळालेला पिस्टन धुण्याआधी

फोंड्याजवळच्या एका गॅरेजात, मातीच्या ट्रॅकवर धावताना जाम झालेल्या टू-स्ट्रोक मोटरसायकलचा पिस्टन नुकताच बाहेर काढला होता. शिकाऊ मुलगा तो पेट्रोलने धुवायला निघाला, तसे मेस्त्रींनी त्याला थांबवले. काजळीचा रंग, करपलेल्या तेलाचे डाग आणि ओरखड्यांची जागा हा सारा पुरावा त्या धुण्यातच वाहून गेला असता.

ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधील वायूंचे तापमान 2000 अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि शुद्ध ॲल्युमिनियम तर 660 अंशांनाच वितळते. तरीही पिस्टन टिकतो, कारण तो ताप क्षणभराचा असतो आणि शोषलेली उष्णता रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीत व तिथून बाहेरच्या फिन्समध्ये, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या पात्यांमध्ये, निघून जाते. वितळण्याच्या कितीतरी आधी अडचण होते ती प्रसरणाची. 50 मिमी व्यासाचा पिस्टन (जुन्या यामाहा आरएक्स 100 चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, एवढाच) 200 अंशांनी तापला, तर सुमारे 0.2 मिमी फुगतो. सिलिंडरची ओतीव लोखंडाची आतली नळी (स्लीव्ह) मात्र 100 अंशांनी तापून जेमतेम 0.05 मिमी रुंदावते. म्हणूनच पिस्टनचा अधिक तापणारा माथा खालच्या भागापेक्षा मुद्दाम किंचित बारीक ठेवतात. उष्णता वाढून हा हिशेब चुकला, की पिस्टन भिंतीला घासतो आणि त्याचे ॲल्युमिनियम तिथे फासले जाते.

कुठे घासला, हे महत्त्वाचे. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनच्या दोन्ही अंगांना मिळून चार ठिकाणी उभे ओरखडे असतील, तर इंजिन पुरते तापण्याआधीच जोरात पळवल्याचा संशय घ्यावा, कारण तेव्हा पिस्टन फुगलेला आणि सिलिंडर अजून थंड असतो. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडले असावे. सगळीकडून सारखे असतील, तर तेल. माथ्याच्या कडेला वाळूने टोचल्यासारखे खड्डे दिसले, तर ते बहुधा डेटोनेशनचे, म्हणजे मिश्रणाचा शेवटचा भाग आपोआप भडकल्याचे लक्षण असते. माथ्याच्या मधोमध वितळून पडलेले भोक मात्र मिश्रणाने ठिणगीआधीच पेट घेतल्याकडे बोट दाखवते. स्पार्क प्लगचे चिनी मातीचे टोक पांढरेफटक पडून त्यावर ॲल्युमिनियमचे बारीक मणी चिकटले असतील, तर पिस्टन वितळू लागला होता हे नक्की. पोलादी पिनवर निळी झाक आली असेल, तर ती जवळपास 300 अंशांपर्यंत तापली होती.

सिलिंडरचे माप बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी घ्यावे लागते. नुसता हात फिरवून लंबगोल झालेला बोअर ओळखू येत नाही. आमच्याकडे या कामाचा सर्वाधिक कंटाळा केला जातो आणि नवा पिस्टन वाकड्या बोअरमध्येच बसवला जातो.

गोव्यात आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. जांभ्याच्या लाल मातीचा चिखल फिन्समध्ये वाळला, की हवा तिथे पोचतच नाही. शिवाय 33 अंशांच्या दुपारी अगदी काठावर बेतलेला कार्बुरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) डिसेंबरमधल्या 20 अंशांच्या पहाटे अपुरा पडू शकतो, कारण तेव्हा हवा सुमारे चार टक्क्यांनी अधिक दाट असते.

फोंड्याच्या त्या पिस्टनवर ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला होते, पण जेट योग्य मापाचाच निघाला. मग मेस्त्रींनी सिलिंडर तात्पुरता परत चढवला, इंजिनची तोंडे बंद करून आत सुमारे 6 पीएसआय दाबाची हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचे पाणी सोडले. मॅग्नेटच्या बाजूच्या ऑइल सीलपाशी फुगे येऊ लागले. तिथूनच जादा हवा आत शिरून मिश्रणात पेट्रोल कमी पडत होते.