भूर्जावरील कवक आणि विलो टिट

फोमिटॉप्सिस बेट्युलिना हे भूर्जवृक्षाचे लाकूड कुजवणारे कवक आहे. विलो टिट (पोएसिले मॉन्टॅनस) हा युरोपपासून जपानपर्यंत आढळणारा, जेमतेम १०-१२ ग्रॅम वजनाचा गाणारा पक्षी. ही जोडी विचित्र वाटेल, पण कुजके लाकूड एकाचे अन्न आहे आणि दुसऱ्याचे घर.

झाडावर उगवते म्हणून कवकाला वनस्पतींच्या पंगतीत बसवण्याची सवय जुनी आहे. आजही कवकांची नावे शैवाल व वनस्पतींसोबतच्या समाईक नामकरण संहितेनुसार ठरतात, पक्ष्यांची मात्र प्राण्यांच्या. वंशावळ वेगळेच सांगते. कवके आणि प्राणी ओपिस्थोकोंटा या एकाच शाखेतले. म्हणजे हे कवक ज्या झाडाला पोखरते त्याच्यापेक्षा त्या झाडावर बसलेल्या पक्ष्याला जवळचे. दोघेही ऊर्जा स्टार्चच्या नव्हे, तर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात आणि दोघांनाही आयते अन्न लागते.

खरा फरक खाण्यात आहे. पक्षी किडा गिळतो आणि मग पचवतो. कवक आधी पचवते, मग शोषते: त्याचे तंतू लाकडात शिरून विकरे सोडतात, सेल्युलोज मोडते आणि लिग्निन बरेचसे मागे राहते. लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत भेगाळते. खोडावर दिसणारा पांढुरका, मूत्रपिंडाच्या आकाराचा गड्डा म्हणजे केवळ फलकाय. त्याच्या खालच्या बाजूच्या छिद्रांतून बीजाणू गळतात. आल्प्समध्ये १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या हिममानवाजवळ याच फलकायाचे दोन तुकडे होते.

‘एक’ विलो टिट मोजता येतो. ‘एक’ कवक मोजणे अवघड, कारण तंतूंचे जाळे लाकडाच्या आत दडलेले असते आणि त्याला ठरावीक आकार नसतो. पक्षी आपली हद्द गाऊन जाहीर करतो. कवकांची हद्दही असते, पण मुकी: एकाच ओंडक्यात दोन जाळी भिडली की मध्ये गडद रेषा उमटू शकते.

बहुतेक टिट तयार ढोली शोधतात. विलो टिट मात्र स्वतः चोचीने ढोली कोरतो, तीही बहुधा दर विणीला नवी. त्याची चोच सुतारपक्ष्यासारखी दणकट नाही, त्यामुळे निरोगी लाकूड त्याला झेपत नाही. भूर्ज, अल्डर किंवा विलोचे मऊ पडलेले, मेलेले खोड तो निवडतो, म्हणजे कवकांनी आधीच भुसभुशीत केलेले.